ताडोबाची सफर : नाव, ओळखपत्र आणि खर्चाचा मेळ

हल्ली हिवाळा लागला की आमच्या पेढीवर एखादा तरी व्यापारी बंधू विचारतो, "शेठ, मुले वाघ बघायचा हट्ट धरून बसली आहेत, पैसे कुठे भरायचे?" पैसे भरणे हा या कामातला शेवटचा टप्पा आहे. त्याआधी चार गोष्टी पाहाव्या लागतात. त्या न पाहता आम्ही एकदा नुकसान सोसले, म्हणून हा लेख लिहीत आहोत.

आपल्या राज्यातल्या वाचकांना सर्वांत सोयीचे जंगल म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातले ताडोबा. 1955 साली येथे राज्यातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे 1986 साली शेजारच्या अंधारी नदीच्या खोऱ्याचे अभयारण्य झाले आणि दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प बनला. आतल्या राखीव गाभ्याचे क्षेत्र सुमारे 625 चौरस किलोमीटर आहे. त्याच्या भोवती अकराशे चौरस किलोमीटरच्या आसपास बफर, म्हणजे गावे, शेती आणि जंगल मिसळलेला पट्टा. 2022 च्या गणनेत देशात सरासरी 3,682 वाघ धरले गेले. त्यांत महाराष्ट्राचे 444 आणि मध्य प्रदेशाचे 785. कान्हा, बांधवगड, पेंच ही मध्य प्रदेशातली उद्यानेही नागपूरमार्गे गाठता येतात. परंतु पहिल्या खेपेस ताडोबाच बरे. भाषा आपली आणि रस्ता आपला.

आता वेळेचा प्रश्न. आपल्या कापडधंद्याची मंदी पावसाळ्यात येते, आणि गाभ्याचे जंगल नेमके तेव्हाच, जुलै ते सप्टेंबर, बंद असते. पावसाळ्यातच निघायचे असेल तर बफरमधली काही गेटे चालू असतात. तेथेही वाघ फिरतो, तथापि गवत वाढलेले असते आणि नजर फार आत जात नाही. वाघ दिसण्याची खरी वेळ एप्रिल-मे. नाले आटतात, पाने झडतात आणि जनावरे थोड्या पाणवठ्यांवर येतात. मात्र चंद्रपूरचा उन्हाळा सोपा नाही, पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि जिप्सीला छत नसते. शिवाय तो लग्नसराईचा मोसम, किरकोळ दुकानदाराला गल्ला सोडता येत नाही. म्हातारी माणसे आणि लहान मुले बरोबर असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी निवडावा. वाघाची शक्यता थोडी कमी, पण तब्येतीला धोका नाही.

वारही पाहून ठेवावा. ताडोबाचा गाभा मंगळवारी बंद असतो. मध्य प्रदेशात बुधवारी दुपारची फेरी नसते. शनिवार-रविवारी दर जास्त आणि गर्दीही जास्त. मालेगावच्या मागवाल्यांना येथे एक फायदा आहे. त्यांची सुट्टी शुक्रवारी, म्हणजे जंगलाच्या हिशेबाने साधा वार. सकाळची फेरी दहाच्या सुमारास संपते, दुपारची मोसमाप्रमाणे दोन-तीनच्या पुढे सुरू होते. मुक्काम चंद्रपूर शहरात ठेवला तर मधल्या वेळेत जुम्मा आणि जेवण दोन्ही होते. भिवंडीकरांसाठी समृद्धी महामार्ग आता त्यांच्याच तालुक्यातल्या आमणेपासून सुरू होतो. जून 2025 मध्ये तो पूर्ण खुला झाला, नागपूरपर्यंत 701 किलोमीटर. सरळ रस्ता आहे, म्हणूनच झोप लागते. रात्रभर एकाच चालकाने गाडी हाकू नये. टायर जुने असतील तर रेल्वेनेच जावे. चंद्रपूर आणि बल्लारशाह ही दोन्ही स्टेशने जवळ आहेत.

गेट एक नाही, अनेक आहेत. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी ही गाभ्यात जाणारी. चंद्रपूरहून येणाऱ्याला मोहर्ली जवळ, आणि राहण्याची सोयही तेथेच जास्त. नागपूरहून चिमूरमार्गे येणाऱ्याला कोलारा बरे पडते. एका गेटाचा परवाना दुसऱ्या गेटावर चालत नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने खोली कोलाऱ्याला घेतली आणि परवाना मोहर्लीचा. पहाटे तीन वाजता उठून अंधारात जंगलाला वळसा घालावा लागला. सबब आधी परवाना, मग त्या गेटाजवळची खोली. हा क्रम उलटा करू नये.

खर्चाचे तीन भाग असतात. प्रवेश शुल्क, जिप्सीचे भाडे आणि गाईडची मजुरी. एका जिप्सीत सहा प्रवासी बसतात, चालक आणि गाईड वेगळे. दोघेच गेले तरी गाडी पूर्ण घ्यावी लागली तर तो खर्च दोघांवर पडतो. म्हणून सहाच्या पटीत माणसे जमवावीत. सात माणसे झाली की दुसरी गाडी आली. गाभ्याचे दर बफरपेक्षा जास्त असतात आणि दर मोसमात बदलतात. यासाठी वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर आजचा दर स्वतः वाचावा. रोज प्रत्येक गेटावरून किती गाड्या सोडायच्या हे ठरलेले असते. म्हणून सुट्टीच्या दिवसांचे परवाने फार आधी संपतात आणि मग दलालाचे फावते.

दलाल घेऊच नये असे आमचे म्हणणे नाही. अडत्याशिवाय आपलाही धंदा चालत नाही. पण अडत्याकडून आपण बिल घेतो, ताका उलगडून बघतो, मगच रक्कम देतो. येथे मात्र आपण फोनवर बोलून आगाऊ पाठवतो आणि कागद मागत नाही. पावतीवर प्रवेश, जिप्सी, गाईड, खोली आणि दलाली वेगवेगळी लिहून घ्यावी. "सगळे मिळून पॅकेज" असे कोणी म्हणाला की समजावे, परवाना अजून काढलेला नाही. काढलेला असेल तर तो दाखवतो. आणि परवाना हाती आला की त्यावरचे प्रत्येक नाव अक्षर अक्षर वाचावे.

हेच आम्ही केले नव्हते. काही वर्षांपूर्वी आम्ही घरची नऊ माणसे घेऊन एका उद्यानाला गेलो. सगळ्यांत पुढे आमचे थोरले चाचा, वय बहात्तर, सारा जन्म मागावर गेलेला. त्यांनी वाघ फक्त नवारी चटईवर विणलेला पाहिला होता. दलालाला आम्ही फोनवर नावे सांगितली, त्याने ऐकली तशी भरली. उर्दूत मुहम्मद एकाच रीतीने लिहितात. तेच नाव इंग्रजीत गेले की त्याचे पाच अवतार होतात. आधारवर एक, मतदार कार्डावर दुसरा, रेशन कार्डावर नुसते "मो." चाचांच्या परवान्यावर नाव वेगळे आणि ओळखपत्राचा क्रमांक आमच्या धाकट्या भावाचा! गेटावरच्या माणसाने नियम दाखवला. परवान्यावरचे नाव जागेवर बदलत नाही, बदली माणूस जात नाही. त्याची चूक नव्हती. चूक आमची आणि दलालाची. चाचा म्हणाले, "तुम्ही जा, मुलांचा दिवस वाया घालवू नका." साडेतीन तास ते चहाच्या टपरीवर बसून राहिले. आम्हाला त्या दिवशी वाघीण दिसली. परत येताना गाडीत कोणी तिचा विषय काढला नाही.

तेव्हा आता आमची रीत अशी. प्रत्येकाचे एकच ओळखपत्र ठरवायचे, त्याची छायाप्रत दलालाला पाठवायची, नाव त्यावर आहे तसेच भरायला सांगायचे, चुकीचे असले तरी तसेच. नाव सुधारण्याची हौस घरी आधार केंद्रावर पुरवावी. मूळ कार्ड बरोबर न्यावे. रद्द करायचे झाल्यास लवकर करावे, जितका उशीर तितकी कपात जास्त.

कपड्यांबद्दल बोलण्याचा आम्हाला थोडा हक्क आहे. पांढरा शुभ्र कुर्ता, लाल-पिवळी ओढणी, चमकीचे काम, हे सारे घरी ठेवावे. खाकी, मेंदी, मातकट, असे फिके रंग घ्यावेत. हरणाला तांबडा-नारिंगी रंग आपल्यासारखा दिसत नाही, त्यामुळे वाघाचा नारिंगी पट्टा त्याला गवतात मिसळलेला वाटतो. निळा मात्र त्याला चांगला दिसतो. कापड सुती घ्यावे. पॅराशूट कापडाची जाकिटे स्वस्त मिळतात, पण ती हलताना कुरकुर वाजतात, आणि जंगलात ऐकणे हेच अर्धे काम. हिवाळ्यात उघड्या गाडीत पहाटेचा वारा हाडात शिरतो, कानटोपी आणि घोंगडी हवीच. ओढणीची टोके खोचून घ्यावीत. अत्तर त्या दिवशी लावू नये. मोबाइलला आत बंदी आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर रडारड गेटावर होते.

आत गेल्यावर काय ऐकायचे? चितळ ओरडते, वानर झाडावरून खोकल्यासारखा आवाज देते. ते कधी कधी फसतात. सांबर मात्र सहसा उगाच ओरडत नाही. त्याचा आवाज आला की गाईड गाडी थांबवतो आणि इंजिन बंद करतो. त्या वेळी गप्प बसावे. वाघ नाही दिसला तरी रानगवा, अस्वल, रानकुत्र्यांचा कळप, तळ्यातली मगर, हे पाहण्यासारखे आहे. तळ्याकाठी तारू देवाचे ठिकाण आहे. गोंड लोक सांगतात की तारू हा गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना मेला, आणि त्याच्यावरूनच ताडोबा नाव पडले.

चालकाला "वाघ दाखव, जास्त देतो" असे म्हणू नये. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. चालक आणि गाईड निलंबित झाले. घाई प्रवाशांची, रोजी गेली त्यांची. हे गाईड आसपासच्या गावांतले, ताडोबात त्यांत स्त्रियाही आहेत. मजुरी ठरलेली असते, वर बक्षीस द्यायचे तर फेरी संपल्यावर द्यावे.

याच जिल्ह्यातून तेंदूपान येते, ज्याची बिडी आपल्याकडे कितीतरी घरांत वळली जाते. उन्हाळ्यात आपण जिप्सीत बसून वाघ शोधतो, त्याच दिवसांत बायका पायी पाने तोडायला जातात. 10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी गेल्या. बफरच्या गावात मुक्काम असेल तर अंधारात मुलांना अंगणाबाहेर सोडू नये. गावकरी सांगतील ते ऐकावे. ते भीती घालण्यासाठी सांगत नसतात.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही चाचांना पुन्हा नेले. या वेळी परवाना स्वतः काढला, नाव तीनदा वाचले. सकाळ-दुपार मिळून दोन फेऱ्या केल्या. वाघ दिसला नाही. ओल्या मातीत पंजाचा ताजा ठसा मिळाला. गाईडने गाडी थांबवली आणि चाचा वाकून बराच वेळ तो बघत राहिले. मग म्हणाले, "चार बोटे आणि मागे गादी. डिझाइन सोपी आहे, पण वीण घट्ट आहे."