कागदाची सेमी आणि अक्रोडाचा किडा

जुलै-ऑगस्टची मोठी सुट्टी लागली की आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी सकाळी आठाच्या सुमारास नातवंडे येऊन दाखल होतात. आई-वडील कामावर, शाळा बंद आणि बाहेर ऊन असे की अंगणात पाऊल ठरत नाही. पहिला आठवडा लाडात जातो. दुसऱ्या आठवड्यापासून टेलिव्हिजन आणि मोबाइल यांचा आधार घ्यावा लागतो. यात आणखी एक अडचण असते, तिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. नातवाची भाषा हिब्रू आणि आजीची मराठी. आजीला बाजारापुरते हिब्रू येते, नातवाला जेवणापुरते मराठी. गोष्ट सांगावयास बसावे तर तिसऱ्या वाक्याला शब्द अडतो आणि मूल उठून जाते. अशा वेळी दोघांच्या हाताला एकच काम असेल तर अडलेल्या शब्दावाचून फारसे बिघडत नाही, असा माझा अनुभव आहे.

हे काम कीटकांचे असावे, असे मी सुचविणार आहे. पुष्कळ आयांना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. मलाही एके काळी रुचले नसते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्या वर्गात खिडकीतून एक मोठा काळा भुंगा शिरला. मुले किंचाळली, बाकांवर चढली. मी डस्टर उचलले आणि भुंगा भिंतीवरच चिरडला. मुलांनी टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्या मला पुढे कितीतरी वर्षे बोचत राहिल्या. ट्रेनिंगच्या वर्षात निरीक्षणशक्तीच्या विकासावर मी पानेच्या पाने लिहिली होती. आणि निरीक्षण करण्याजोगी वस्तू आपण होऊन वर्गात आली, तेव्हा मी मुलांना शिकविले ते इतकेच, की आपल्याला ज्याची भीती वाटते त्याला मारावे.

जपानमध्ये या प्रश्नावरून एकदा चांगलीच चर्चा झाली. तोयामा प्रांतातील ताकाओका येथील ‘शोवा नोट’ ही कंपनी १९७० पासून ‘जापोनिका’ नावाच्या शालेय वह्या काढते. मुखपृष्ठावर फुले आणि कीटक यांची मोठी, स्वच्छ छायाचित्रे, हे या वह्यांचे वैशिष्ट्य. दोन-तीन पिढ्या त्या वह्यांवर अक्षरे गिरवीत वाढल्या. पुढे काही पालकांच्या व शिक्षकांच्या तक्रारी येऊ लागल्या, की वहीवर किडा पाहून मुलांना किळस येते, आणि स्वतः शिक्षकांनाही ती हातात धरवत नाही. २०१२ पासून कंपनीने कीटकांची छायाचित्रे छापणे थांबविले व नुसती फुले ठेविली. ही गोष्ट वर्तमानपत्रांतून आली तेव्हा अनेक लोक हळहळले. वहीच्या पन्नासाव्या वर्षी, म्हणजे २०२० साली, कीटक पुन्हा मुखपृष्ठावर आले. कीटकांवर जिवापाड प्रेम करणाऱ्या देशात हे घडले, म्हणून मला ते विशेष वाटते.

कारण जपानी मुलाची उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे लांब दांड्याची जाळी, गळ्यात अडकविलेली कीटकांची पेटी आणि झाडाखाली तासन्‌तास मान वर करून उभे राहणे. पतंगाप्रमाणे गिरक्या न घेता सरळ पुढेच जाणाऱ्या चतुराला तेथे जुन्या काळापासून ‘विजयाचा कीटक’ म्हणत आणि सामुराई योद्धे त्याची आकृती शिरस्त्राणावर लावीत. शिंगे असलेल्या मोठ्या भुंग्याचे नाव कबुतोमुशी, म्हणजे शिरस्त्राणाचा किडा. तो मुले घरी पाळतात. टोकियोत उएनो भागातील कानएइ-जी मंदिरात कीटकांचे स्मारकही आहे. मासुयामा सेस्साइ नावाचा एक सरदार उत्तम चित्रकार होता. त्याने कीटकांची अतिशय बारकाईची चित्रे काढली. त्यासाठी जे जीव प्राणास मुकले त्यांच्या स्मरणार्थ, त्याच्या मृत्यूनंतर १८२१ साली, हा शिलालेख उभारण्यात आला. मी भुंगा चिरडला तेव्हा मला ही हकीकत ठाऊक नव्हती.

जपानी मूल कागदाचा जो अगदी पहिला कीटक घडविते, तो म्हणजे सेमी. सेमी हा भर उन्हाळ्यात झाडाच्या खोडावर बसून कर्कश ओरडणारा कीटक. कोकणात पावसाळ्यापूर्वी रायवळ आंब्याखाली कान बधिर करणारा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना तो निराळा सांगावयास नको. आपण त्याला सरसकट रातकिडा म्हणून मोकळे होतो. परंतु रातकिडा वेगळा, तो पंख पंखावर घासून वाजवितो. इस्राएलमध्येही उन्हाळ्यात सेमीचा आवाज ऐकू येतो. जपानी माणसे तर आवाजावरून जाती ओळखतात. ‘मिन-मिन’ करणारा तो मिनमिन-झेमी. ‘त्सुकु-त्सुकु’ असे ओरडणारा ऐकू आला की सुट्टी संपत आली असे समजून मुले राहिलेला गृहपाठ काढून बसतात.

घडी अशी घालावी. पंधरा सेंटीमीटरचा चौकोनी कागद घ्यावा. एका बाजूस रंग असलेला कागद असल्यास उत्तम. रंग खाली ठेवून कागद कर्णावर दुमडावा, म्हणजे त्रिकोण होईल. लांब बाजू आपल्याकडे आणि टोक वर असू द्यावे. आता डावा व उजवा कोपरा उचलून वरच्या टोकाला आणून मिळवावा. पुन्हा एक छोटा चौकोन, उभा ठेवलेल्या शंकरपाळ्यासारखा, तयार होतो. ते दोन्ही कोपरे खाली आणावेत, मात्र सरळ न आणता थोडे बाहेरच्या अंगाला तिरके. हे झाले पंख. वरच्या टोकाला कागदाचे दोन पदर दिसतील. त्यांतील पुढचा पदर खाली दुमडावा. मागचा पदर त्याच्यावर दुमडावा, परंतु वरच्या बाजूस बोटभर कमी, म्हणजे डोक्यावर एक पट्टी उठून दिसेल. शेवटी दोन्ही बाजू मागे वळवाव्यात. डोळे पेन्सिलीने काढावेत. झाली सेमी.

चार वर्षांच्या मुलाला पहिल्या दोन घड्या सहज जमतात. तिरकी घडी जमत नाही, आणि तेथे आजीने त्याचा हात धरावा, कागद नव्हे. कोपऱ्याला कोपरा तंतोतंत मिळालाच पाहिजे असा आग्रह पहिल्या दिवशी धरू नये. वाकड्या पंखांची सेमीही खोडावर चिकटवली की सेमीच दिसते. आणखी एक गंमत आहे. पहिल्या दोन घड्यांपर्यंत हाच कागद सामुराईच्या शिरस्त्राणाचाही होऊ शकतो. ५ मे या मुलांच्या दिवशी जपानी घरांतून वर्तमानपत्राच्या कागदाचे असे मोठे शिरस्त्राण करून मुलाच्या डोक्यावर घालतात. होडी आणि शाईची दौत करता येणाऱ्या आपल्या पिढीला हे मुळीच अवघड नाही.

कागदाच्या घड्या जपानमध्ये पुरातन आहेत, परंतु त्या शिशुवर्गात आल्या त्या १८७६ साली, टोकियोच्या महिला अध्यापन विद्यालयास जोडून देशातले पहिले सरकारी किंडरगार्टन निघाले तेव्हा. त्याचा पाया जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल याच्या पद्धतीचा होता, आणि फ्रोबेलच्या हस्तव्यवसायांत कागदकाम होतेच. म्हणजे घरातलीच कला परदेशी पद्धतीचा हात धरून शाळेत शिरली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे पाने, बिया, शंख-शिंपले यांवर बालवाडी चालविली, तिचीच या ठिकाणी आठवण येते. पुढे अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी घड्यांसाठी तुटक रेषा व बाण यांची खूणपद्धती बसविली. लोखंडी कारखान्यात काम करीत असता ते नवशिक्या कामगारांना कागदाच्या घड्यांवरून भूमिती समजावीत. त्या खुणा आता जगभर चालतात, त्यामुळे जपानी भाषेतील ओरिगामीचे पुस्तकदेखील कोणाही आजीला वाचता येते. इस्राएलमध्ये मिरी गोलन यांच्या ओरिगामी केंद्राने ‘ओरिगामेट्रिया’ या नावाने शाळांतून घड्यांद्वारे भूमिती शिकविण्याचा क्रम तयार केला आहे. तेव्हा नातवाने शाळेत काही घड्या पूर्वीच घातल्या असतील, तर त्यानेच आजीला शिकवावे.

मुकी सेमी झाली की ओरडणारी करावी. हे खेळणे जपानमध्ये बांबूच्या नळीचे करतात. भारतातील जत्रांतही गरागरा फिरवून ‘टर्र’ वाजणारी असली खेळणी मिळत. घरी कागदी पेल्याचे होते. पेल्याच्या तळाला मधोमध सुईने भोक पाडून हातभर मजबूत दोरा ओवावा आणि आतल्या टोकाला काडेपेटीच्या काडीचा तुकडा बांधावा, म्हणजे दोरा निसटणार नाही. पेन्सिलीइतकी जाड गोल काठी घेऊन तिच्या टोकाजवळ चाकूने सभोवार खाच पाडावी. हे काम मोठ्यांचे. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला सैल फास करून तो खाचेत बसवावा. तो सैलच हवा. घट्ट बांधलात तर सेमी मुकी राहील. आता खाचेवर राळ घासावी, काठी धरावी आणि पेला डोक्यावरून गोल फिरवावा. पेला ओरडू लागतो, आणि आवाज खरोखरच सेमीचा असतो.

असे का होते, हे मुले विचारतातच. राळेमुळे फास काठीला क्षणभर चिकटतो, लगेच सुटतो, पुन्हा चिकटतो. हे धक्के दोऱ्यातून पेल्याच्या तळाला पोहोचतात आणि पेल्याच्या पोकळीमुळे मोठे होतात. खऱ्या सेमीतही पोकळी असते. नर सेमीच्या पोटाच्या दोन्ही अंगांना ताणलेले पापुद्रे असतात. स्नायू ते भराभर आत-बाहेर करतात आणि जवळजवळ पोकळ असलेले पोट तो आवाज वाढविते. मादी गप्प असते. मुलींच्या वर्गात हे वाक्य उच्चारले की काय हशा पिकतो, ते शिक्षिकांनाच ठाऊक.

चतुर करावयाचा असेल तर दुधाच्या कागदी खोक्याची दोन बोटे रुंद, वीतभर लांब पट्टी कापून ती मध्यावर प्लास्टिकच्या नळीच्या टोकाशी स्टेपलरने आडवी टाचावी. दोन्ही पाती परस्परांविरुद्ध दिशांनी किंचित पिळावीत, नळी दोन तळव्यांत घुसळावी आणि सोडून द्यावी. जपानी लोक याला ताकेतोम्बो, म्हणजे बांबूचा चतुर म्हणतात. सहा वर्षांखालच्या मुलाला मात्र हा उडविता येत नाही आणि त्याला रडू येते.

सुरवंटासाठी मी एक निराळी रीत सांगते. अमेरिकन चित्रकार एरिक कार्ल यांचे भुकेल्या सुरवंटाचे पुस्तक इथल्या गनमधून हिब्रूत सर्वत्र वाचले जाते. पत्रकाने कागदांना भोके पाडताना त्यांना त्याची कल्पना सुचली. परंतु पानांतून आरपार गेलेली भोके आणि लहान-मोठ्या रुंदीची पाने असलेले पुस्तक अमेरिकेत परवडेल अशा खर्चात छापणारा मुद्रक मिळेना. अखेर १९६९ साली ते जपानमध्ये छापले गेले. कार्ल पातळ कागद आधी ब्रशाने, स्पंजाने रंगवून वाळवीत आणि मग त्यांतून आकार कापून चिकटवीत. हीच रीत घरी करावी. पतंगाच्या कागदावर मुलाने हवे तसे रंगाचे फटकारे मारावेत; वाळल्यावर बांगडीच्या मापाने गोल कापून ओळीने खळीने चिकटवावेत. मुलाला चित्र काढता येत नसले तरी चालते, रंग वाया जात नाही आणि आजीला कात्री चालविण्याचे काम मिळते.

लाल पाठीवर काळे ठिपके असलेल्या इवल्याशा किड्याला मराठी शेतकी पत्रकांत ढालकिडा म्हणतात. हिब्रूत तो ‘पारात मोशे रब्बेनू’, मोशे रब्बेनूची गाय. जपानी लोक त्याला तेन्तोमुशी, म्हणजे सूर्याचा किडा म्हणतात, कारण तो काडीवर ठेवला की टोकापर्यंत चढतो आणि तेथून आकाशात उडून जातो. अक्रोडाचे अर्धे टरफल लाल रंगवावे, मधोमध काळी रेघ काढावी. दोन्ही पंखांवर तीन-तीन ठिपके आणि पुढे मध्यावर एक, असे सात. टरफलाखाली गोटी ठेवून तिरप्या पाटावर सोडले की तो धावत सुटतो. खरा वर चढतो, आपला खाली पळतो, एवढाच फरक. पाय चिकटवायचे असल्यास ते सहाच चिकटवावेत. बाजारात तयार मिळणाऱ्या कित्येक खेळण्यांत आठ-दहा पाय असतात, आणि एकदा डोळ्यांत बसलेली चूक वर्गात काढता काढता पुरेवाट होते.

ज्या मुलाला खरोखरच भीती वाटते, त्याला जिवंत कीटक हातात देऊ नये. उन्हाळ्यात झाडांच्या खोडांवर सेमीने टाकलेली कात आढळते, तपकिरी, पोकळ, पायांसकट. ती चावत नाही, हलत नाही. जपानी मुले ती सदऱ्यावर पदकासारखी अडकवून हिंडतात. आधी कागदाची, मग कात, आणि त्यानंतर मूल स्वतःच झाडाकडे पाहील तेव्हा जिवंत, असा क्रम ठेवावा. त्याला महिना लागला तरी हरकत नाही.

राळ वाद्यांच्या दुकानात मिळते. व्हायोलिनच्या गजासाठी विकतात ती एक वडी साऱ्या इमारतीच्या मुलांना सुट्टीभर पुरते. दुपारी दोन ते चार मात्र पेले कपाटात ठेवावेत. आमच्या वरच्या मजल्यावरील शेजारी तसे सांगून गेले आहेत.