इसब आणि घरखर्च

वसईस आमच्या आप्तांचें एक घर आहे. माणसें अकरा, मिळवते दोघे, आणि ते दोघेही विरार लोकलच्या गर्दींतून रोज मुंबई गांठणारे. गेल्या पावसाळ्यांत आम्ही तेथें गेलों असतां धाकट्या सूनबाई ओढणींत हात गुंडाळून दाराशीं उभ्या राहिल्या. दोन्ही हातांस इसब झालेला. बोटांच्या बेचक्यांत भेगा पडून लस वाहत होती. "मुलांना लागेल" म्हणून काकूंनीं त्यांस कणीक मळण्याची मनाई केली होती. अकरा माणसांचीं भांडीं घासण्याचें काम मात्र त्यांच्याकडेच राहिलें होतें!

ही चूक अनेक सुशिक्षित घरांत होते. इसब हा एकापासून दुसऱ्यास लागणारा रोग नव्हे. त्वचा ही भिंत मानली, तर इसबांत तिचा गिलावा ढिला झालेला असतो. आंतील ओलावा उडून जातो आणि साबण, घाम, धूळ हीं आंत शिरतात. कित्येकांत हा दोष जन्मतःच असतो. फिलॅग्रिन नांवाच्या प्रथिनाच्या जनुकांतील व्यंगाशीं त्याचा संबंध २००६ सालीं उघडकीस आला. हातांच्या इसबास मात्र पुष्कळदां भांड्यांचा साबण व सततचें पाणी एवढेंही कारण पुरतें.

लागणारा रोग तो नायटा. परंतु दोहोंसही खाज व लाली असल्यामुळें घरांतील एकच मलम दोहोंवर फांसलें जातें. औषधांच्या दुकानांत नुसतें "खाजेचें मलम" म्हणून मागितलें असतां जें मिश्रण पदरीं पडतें, त्यांत पुष्कळदां तीव्र स्टेरॉइड असतें. त्यानें नायट्याची लाली चार दिवस मावळते, बुरशी मात्र पसरतच राहते, आणि पुढें डॉक्टरांसही रोग ओळखणें अवघड जातें. २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशीं अनेक स्टेरॉइड मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत असें ठरविलें. नियम चांगला आहे. गिऱ्हाइकानेंही तो पाळावयास हवा.

सूनबाईंच्या कपाटांत अशा चार नळ्या निघाल्या. शिवाय एक महागडी क्रीमची डबी, संपूं नये म्हणून हरभऱ्याएवढी लावावयाची. ही काटकसर सर्वांत खर्चाची! ब्रिटनमध्यें इसब झालेल्या मुलांवर कांहीं मोठे प्रयोग झाले आहेत. पाणी मृदु करणारें यंत्र (२०११), रेशमी कपडे (२०१७), स्नानाच्या पाण्यांत घालावयाचीं तेलें (२०१८): यांपैकीं कशानेंही नेहमींच्या उपचारांत विशेष भर पडली नाहीं. वसईकडे कोठें टँकरचें, कोठें मचूळ विहिरीचें पाणी. तेव्हां यंत्राचा मोह साहजिक आहे, पण तो आवरावा. रेशमाची गोष्ट मात्र कद नेसणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांस रुचणार नाहीं. २०२२ सालीं लोशन, क्रीम, जेल आणि मलम यांची तुलना झाली, तींत गुणांचा फरक आढळला नाहीं. म्हणजे परवडेल आणि अंगास मानवेल तें घ्यावें, पण सढळ हातानें लावावें. साधी पांढरी पेट्रोलियम जेली पुरे. कोमट पाण्यानें पांच-दहा मिनिटांत स्नान उरकावें, अंग टिपावें आणि तें ओलसर आहे तोंच ती लावावी. हात तर प्रत्येक वेळीं धुतल्यावर माखावे. आपल्याकडील दमट हवेंत जाड थरानें घामोळें उठतें, यास्तव दिवसा पातळ व रात्रीं जाड लावावें. खोबरेलही चालेल, मोहरीचें वा ऑलिव्हचें तेल नको. भेगांवर लिंबू-लसणाचे प्रयोग तर कोणीं सुचविले तरी करूं नयेत.

वांचलेल्या पैशांतून एकदां त्वचारोगतज्ज्ञास दाखवावें, आणि औषध मूळ नांवानें लिहून घ्यावें. २००८ पासून निघालेल्या जनऔषधी केंद्रांत तीं बरींच स्वस्त मिळतात. डॉक्टरांनीं स्टेरॉइड दिलें तर भीतीनें निम्मेंच लावणें हीही चूकच. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळींतून काढलेली रेघ म्हणजे सुमारें अर्धा ग्रॅम. तेवढें बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेस पुरतें. हें माप १९९१ सालीं ब्रिटनमध्यें सुचविलें गेलें. बहुधा दिवसांतून एकवार लावणें पुरतें. किती दिवस, तें डॉक्टरांस विचारावें. पिवळी खपली, पू, ताप किंवा दुखरे बारीक फोड दिसल्यास त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. तेथें काटकसर नको.

हें सगळें आम्हीं काकूंना सांगितलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. परवां फोनवर कळलें कीं, सूनबाईंच्या भेगा भरल्या आहेत, त्या पोळ्या करतात, आणि रात्रींचीं भांडीं त्यांचे यजमान घासतात. रबरी मोजे, आंत सुती मोजे, असा जोड घरांत आला आहे. तो काकूंनींच आणविला म्हणे.