शिक्षिका होणे : आपल्या हिशेबात न बसलेली गोष्ट

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. गावाहून थोरल्या बंधूंचा, आमच्या आण्णांचा, फोन आला. "तू बँकेत आयुष्य काढलेस. पोरीला चार आकडे मांडून समजावून सांग. मी सी.ए. कर म्हणतो, आणि ती म्हणते डी.एड. करून प्राथमिक शाळेत शिकवायचे आहे."

आमचे घराणे तीन पिढ्यांपासून कापडाच्या व्यापारातले. घरात वकील झाले, डॉक्टर झाले, मी बँकेत अधिकारी झालो. परंतु पहिली-दुसरीच्या मुलांना शिकविण्याचा व्यवसाय कोणी पत्करला नव्हता. पुतणीला वाणिज्य शाखेत चांगले गुण होते. आण्णांचे म्हणणे मला रास्तच वाटले.

मी रीतसर कागद घेऊन बसलो. पदविकेची दोन वर्षे, पुढे पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता परीक्षा, मग भरतीची वाट पाहणे. नेमणूक झालीच तर पहिली तीन वर्षे 'शिक्षण सेवक' म्हणून मानधनावर काम. ते मानधन त्या वेळी दरमहा 6 हजार रुपये होते. आमच्या दुकानातल्या जुन्या नोकराला याहून अधिक पगार मिळत असे. मी आकड्यांखाली रेघ ओढली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने तो शांतपणे वाचला. म्हणाली, "काका, तुमचे सगळे आकडे बरोबर आहेत. पण आत्याच्या वेळी नोकरी इतकी अवघड नव्हती ना? मग तेव्हा कोणत्या हिशेबाने नाही म्हणालात?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. वाचकांपुढे ती हकिकत मांडणे आवश्यक आहे. साधारण 1981 सालची. माझ्या धाकट्या बहिणीला अध्यापक विद्यालयात प्रवेश मिळाला होता. आप्पा म्हणाले, "लोकांच्या पोरांची नाके पुसायला आपली पोर पाठवायची का?" मी नुकताच बँकेत लागलो होतो आणि घरात माझ्या शब्दाला वजन आले होते. बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्रात डोके घातले. तिचे लग्न चांगल्या घरी झाले, संसार उत्तम झाला आणि तिने कधीही तक्रार केली नाही. मात्र तिच्या सासरच्या ओट्यावर रोज संध्याकाळी हमालांची, मोलकरणींची मुले पाटी घेऊन जमत. हे पंचवीस वर्षे चालले. मी ते पाहत होतो आणि त्याला तिचा विरंगुळा समजत होतो.

पुतणीने प्रवेश घेतला. मी विरोध केला नाही; पण विरोध न करणे म्हणजे मोल कळणे नव्हे. ते कळले दीड वर्षानंतर.

दुसरीच्या वर्गातील एक तास

या पदविकेत दोन वर्षांत मिळून किमान 20 आठवडे प्रत्यक्ष शाळेशी निगडित कामाचे असतात. दुसऱ्या वर्षी तिला जवळच्या खेड्यातील जिल्हा परिषदेची शाळा मिळाली होती. मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी एक दिवस दुसरीच्या वर्गात मागे जाऊन बसलो.

ती एकेक संख्या सांगत होती आणि मुले पाटीवर लिहीत होती. तिने 'त्रेपन्न' म्हटले. पुढच्या ओळीतल्या एका मुलाने पाटीवर 35 लिहिले. मी असतो तर 'चूक' म्हणून पुढे गेलो असतो. खरे सांगायचे तर माझ्या मुलाने हीच चूक केली तेव्हा मी त्याला चिमटा काढला होता. ती मात्र त्या मुलाजवळ बसली. म्हणाली, "वाच बरे." त्याने वाचले, "त्रेपन्न." "त्यात आधी काय ऐकू आले?" "त्रे... म्हणजे तीन." "बरोबर ऐकलेस." मग तिने त्याला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि काही सुट्या काड्या दिल्या आणि त्रेपन्न काड्या मांडायला सांगितल्या. त्याने पाच गठ्ठे ठेवले, शेजारी तीन सुट्या काड्या ठेवल्या. तो थोडा वेळ मांडणीकडे पाहत राहिला, मग स्वतःच पाटी पुसली आणि 53 लिहिले.

संध्याकाळी तिने मला आपली टाचणवही दाखवली. पाठाच्या आदल्या दिवशीच तिने लिहून ठेवले होते की मराठीत ही संख्या बोलताना एकक आधी येतो, लिहिताना मात्र दशक आधी लिहावा लागतो. म्हणून 35 असे उत्तर येण्याचा संभव आहे. "काका, त्याने ऐकले तसे लिहिले. तो विचार करत होता म्हणूनच चुकला."

त्या रात्री मला माझे बँकेतले पहिले दिवस आठवले. तेव्हा खातेवह्या हाताने लिहिल्या जात. दिवसअखेर ताळा जुळला नाही तर घरी जायचे नाही, असा दंडक होता. आमचे वृद्ध हेडकॅशियर सांगत, "फरकाला नऊने भाग जातो का पाहा. जात असेल तर कोणीतरी आकडे उलटे लिहिले असण्याची शक्यता मोठी." मी सहज वजाबाकी केली. 53 आणि 35 यांतील फरक 18. त्याला नऊने भाग जातो. कारकुनाची चूक शोधण्याची ही विद्या मी आयुष्यभर अभिमानाने बाळगली. चूक कोठे झाली हे ती सांगते. परंतु सात वर्षांच्या मुलाच्या मनात ती का झाली, हे ओळखणारी स्वतंत्र विद्या आहे आणि ती दोन वर्षे राबून शिकावी लागते, हे मला त्या दिवशी समजले.

हे शिक्षण कशाचे असते?

'पहिलीला शिकवायला काय लागते?' असा प्रश्न आपल्याकडे सहज विचारला जातो. ज्याला बेरीज येते त्याला बेरीज शिकवता येते, असा त्यामागचा समज असतो. पुतणीच्या अभ्यासात बालमानसशास्त्र होते, भाषा आणि गणित शिकविण्याच्या पद्धती होत्या, मूल्यमापन होते, कला आणि शारीरिक शिक्षण होते. याखेरीज फळ्यावर सरळ ओळीत लिहिणे, टाकाऊ वस्तूंतून साहित्य बनविणे, एका खोलीत दोन इयत्ता सांभाळणे, ही कामे वेगळीच. प्रत्येक पाठ मार्गदर्शकासमोर घ्यायचा, त्यांचे शेरे ऐकायचे आणि पुन्हा घ्यायचा. दुकानात नवा मुलगा आला की त्याला आपण काही महिने नुसते थान उलगडायला आणि घडी घालायला लावतो. कात्री हातात उशिरा देतो. येथेही तसेच आहे. फरक इतकाच की बिघडलेले कापड बाजूला टाकता येते.

ही जाणीव आपल्या भूमीत नवी नाही. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगर आणि पुणे येथे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले होते. आणि आपल्या समाजाने तर कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्मरण ठेवावे. कुंभोज येथे 1887 साली जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1935 मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. ते प्राथमिक शिक्षक घडविण्यासाठी होते. शाळा काढायची तर आधी शिक्षक तयार हवा, हा त्यांचा रोकडा विचार होता. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो. मात्र आपल्या घरातून एखादा शिक्षक द्यावा, हे आपल्याला सुचत नाही.

आता व्यवहार

भावनेच्या भरात निर्णय घ्यावा, असे सुचविण्याचा माझा हेतू नाही. ज्या कुटुंबांत असा विचार चालू असेल त्यांनी पुढील गोष्टी पक्क्या समजून घ्याव्यात.

पूर्वी ज्याला डी.एड. म्हणत त्याचे आजचे नाव डी.एल.एड. आहे, दोन वर्षांची ही पदविका कोणत्याही शाखेतून बारावी झाल्यावर करता येते. खुल्या प्रवर्गासाठी सर्वसाधारणपणे 50 टक्के गुणांची अट असते. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पदवी चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा 'आधी बी.एड. करू, मग पाहू' या सल्ल्यापासून सावध राहावे.

त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टी.ई.टी. पहिली ते पाचवीसाठी पहिला पेपर असतो. 150 प्रश्न, 150 गुण. बालविकास व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी 30. उत्तीर्ण होण्यास सर्वसाधारण उमेदवाराला 60 टक्के, म्हणजे 90 गुण लागतात. प्रमाणपत्र आता आजीवन ग्राह्य असते. पुढे 200 गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि तिच्या गुणांवर 'पवित्र' पोर्टलमार्फत निवड. भरती केव्हा निघेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. ही या मार्गावरील सर्वांत मोठी जोखीम आहे, आणि कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेने पाहिल्यास ती लपवता येणार नाही. शिक्षण सेवकाचे मानधन 2023 पासून प्राथमिकसाठी 16 हजार रुपये झाले आहे. तीन वर्षांनंतर नियमित वेतनश्रेणी लागते. तिचे मूळ वेतन 29,200 रुपयांपासून सुरू होते आणि त्यावर भत्ते मिळतात.

एक विनंती शिक्षणसंस्था चालविणाऱ्या विश्वस्तांना. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत शिल्लक असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत टी.ई.टी. उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविला आहे. आपला समाज 2014 पासून राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित आहे. तेव्हा ही सूट आपल्याला मिळेल का, याकडे अनेकांचे लक्ष लागले आहे. माझे नम्र मत असे की कायद्याचा निर्णय काहीही होवो, आपल्या शाळेतील पहिलीचा शिक्षक प्रशिक्षित असावा आणि त्याला त्याच्या कामास शोभेल असे वेतन मिळावे. इमारतीसाठी देणगी देणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. देणगीदाराची पाटी भिंतीवर लागते. वर्गातल्या पाटीकडेही तितकेच लक्ष जावे.

पुतणीने 2024 मध्ये पदविका पूर्ण केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती टी.ई.टी. उत्तीर्ण झाली, 2025 च्या उन्हाळ्यात अभियोग्यता चाचणी दिली. अद्याप नेमणूक नाही. सध्या ती एका खासगी शाळेत अल्प मानधनावर दुसरीला शिकवते आणि शनिवार-रविवारी दुकानाचा जी.एस.टी.चा हिशेबही पाहते. आण्णा अजून अधूनमधून सी.ए.चा विषय काढतात. मात्र त्यांचा आवाज पूर्वीइतका चढत नाही. माझा तो जुना कागद तिने फाडलेला नाही. ती म्हणते, "आकडे बरोबर होते, काका. फक्त एक रकाना राहिला होता."

यंदा दिवाळीत बहीण माहेरी आली होती. जेवणे झाल्यावर आत्या आणि भाची ओसरीवर काड्यांचे गठ्ठे बांधत बसल्या. दहा काड्या, एक रबर. दहा काड्या, एक रबर. मी जवळ गेलो. म्हणालो, "त्या वेळी मी काही बोललो नाही. बोलायला हवे होते." बहिणीने वर पाहिले नाही. थोड्या वेळाने माझ्यापुढे काड्यांचा ढीग सरकवून म्हणाली, "दादा, बस. मोजून दे. तुला मोजता येते."

मी मोजू लागलो.