अँटेना नागपूरकडे, छत्री आग्नेयेकडे

दिघोरी म्हटलं की नागपूरकरांना उमरेड रोडवरचा चौक आठवतो. ही ती नव्हे. ही भंडारा जिल्ह्यातली, लाखांदूर तालुक्यातली, धानाच्या बांध्यांमधली दिघोरी मोठी. नागपूर इथून सरळ रेषेतही ऐंशीहून जास्त किलोमीटर, आणि जुन्या अँटेनाचं सगळं दुखणं या आकड्यात होतं.

२५ जानेवारी १९८७च्या रविवारी ‘रामायण’ सुरू झालं, तो काळ आठवा. एक जण कवेलूच्या छपरावर बांबू धरून उभा, दुसरा टीव्हीसमोर.

“आलं का?”

“मुंग्याच मुंग्या!”

“आता?”

“आलं, आलं! हलवू नको... गेलं.”

टीव्हीच्या लहरी जवळपास सरळ जातात, पृथ्वी मात्र वाकत जाते. दीडशे मीटर उंच मनोऱ्याची नजर साधारण ५० किलोमीटर पोचते, दहा मीटरवरच्या अँटेनाची १३. बेरीज ६३. त्यापुढचं गाव क्षितिजाखाली. म्हणून बांबूला बांबू जोडायचे. पण दहाचे वीस मीटर केले तरी पदरात पडतात जेमतेम पाच किलोमीटर! त्यापेक्षा जास्त काड्यांची अँटेना उपयोगी. तिच्यातली एकच दांडी लहर पकडते, मागची लहर पुढे परतवते आणि पुढच्या काड्या त्या एका दिशेला कान टवकारतात. यागी आणि उदा या जपानी संशोधकांची ही १९२६ची करामत. बूस्टर लावणारेही होते, पण तो चित्रासोबत मुंग्याही मोठ्या करायचा.

आज मात्र अँटेना निवडायचा प्रश्नच उरलेला नाही. प्रसार भारतीने ऑक्टोबर २०२१मध्ये जाहीर केलं, की सीमावर्ती आणि मोक्याच्या ठिकाणची पन्नासेक सोडून दूरदर्शनची जुनी जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रं ३१ मार्च २०२२पर्यंत बंद होतील. तरी ‘अँटेना लावा, शेकडो चॅनेल फुकट बघा’ अशा जाहिराती मोबाइलवर येतातच. त्या अमेरिकेत खऱ्या असतील. दिघोरीत ते पैसे पाण्यात.

फुकटच बघायचं तर डीडी फ्री डिश. २००४च्या डिसेंबरात सुरू झालेली ही सेवा; छत्री आणि बॉक्सचे पैसे एकदाच, महिन्याचं बिल नाही. बॉक्स एमपेग-४चाच घ्या, जुन्या बॉक्सवर काही चॅनेल दिसत नाहीत. सह्याद्री वाहिनी त्यावर आहेच.

गंमत अशी, की अँटेनाची सवय छत्रीलाही चिकटली. तीही लोक उंच बांबूवर चढवतात. उपग्रह ३६ हजार किलोमीटर वर. चार मीटरच्या बांबूने त्याला काय फरक पडणार? उलट बांबू डोलतो, आणि साठ सेंटिमीटरची छत्री दोनेक अंश सरकली तरी चित्र अडखळतं. भिंतीला किंवा स्लॅबला घट्ट आवळलेली बुटकी छत्री केव्हाही बरी. पावसात चित्र गोठत असेल तर उंची नको, नव्वद सेंटिमीटरची छत्री घ्या.

तिला हवं फक्त मोकळं आकाश. दिघोरीतून फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ आग्नेयेच्या थोडा दक्षिणेला, होकायंत्रावर १४५ अंशांच्या आसपास आणि क्षितिजापासून ६० अंश वर दिसतो. छत्री थोडीच मागे कललेली दिसते, म्हणून ती बरीच खाली बघतेय असं वाटतं. प्रत्यक्षात तिची नजर बरीच वर असते. अंगणातली चिंच किंवा कडुनिंब आड येतो तो इथेच, आणि झाड दरवर्षी वाढतं.

जागा तपासायला यंत्र लागत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी अकराच्या सुमारास सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. काही मिनिटं चित्र बिघडतंही, तेव्हा मेकॅनिकला बोलावू नका. छत्री बसवायच्या जागी त्या वेळी ऊन असेल तर जागा पक्की. सावली असेल तर आधी फांदी छाटा.