बेड पांढरा झाला, अळिंबी का येत नाही?

घरी धिंगरी अळिंबी लावणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न असा, की बेड पांढराशुभ्र झालाय, पण अळिंबी काही येत नाही, आता त्याला काय घालू? उत्तर असं, की काही घालायचं नाही. खाणं त्याला पुरेसं मिळालंय. आपण बाहेर पोचलो, एवढंच त्याला कळायला हवं.

म्हणजे काय, ते बघा. जंगलात ही बुरशी ओंडक्याच्या आत वाढते. तिथं अंधार, हवा कोंडलेली, कार्बन डायऑक्साइड साठलेला. तंतू सालीपर्यंत आले, की मोकळी हवा आणि उजेड लागतो. बीजाणू वाऱ्यावर सोडायचे तर जागा हीच, म्हणून फळ तिथंच धरतं. आपली प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे तो ओंडका. १५ ते २० दिवस ती बंद असते, तोवर तंतू काडात पसरतात. मग आपण पिशवी कापतो, साठलेला वायू निघून जातो आणि साधारण ३-४ दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसू लागतात.

मात्र चार गोष्टी एकत्र लागतात: ताजी हवा, ८० ते ९० टक्के आर्द्रता, वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड आणि २० ते ३० अंश तापमान.

आता आपल्या नगर जिल्ह्याची अडचण. अकोल्याचा डोंगरी भाग सोडला, तर आपण पर्जन्यछायेत. खिडकी उघडली की ओलावा जातो, कोंब सुकतात. बंद ठेवली की कार्बन डायऑक्साइड वाढतो, मग देठ लांबतात आणि छत्री बारीकच राहते. ते बघून माणसं आणखी पाणी मारतात आणि बेड सडवतात. दुखणं हवेचं आणि औषध पाण्याचं!

म्हणून खिडकीला ओलं गोणपाट लावा, खाली वाळू ओली ठेवा. हवा पहाटे आणि रात्री खेळवा. पाणी थोडं थोडं, धुक्यासारखं, दिवसातून २-३ वेळा फवारा. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, तेव्हा नवशिक्यांनी थांबावं. पावसाळा-हिवाळा बरा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं अळिंबीवरचं काम पुण्याच्या कृषी महाविद्यालयात चालतं, शिकायचं असेल तर तिथं चौकशी करा.

आणि बेड फेकण्याआधी नीट बघा. देठ लांब, तर हवा कमी. कोंब सुकले, तर ओलावा कमी. कोंबच नाहीत, तर उष्मा, अंधार किंवा कोंडलेली हवा. बेड स्वतःच सांगतो, त्याला काय हवंय ते.