पडद्याबाहेर कोण बसले आहे?

२५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी लागली आणि न्यायालयांत फक्त तातडीची कामे उरली. सोलापुरात विडी कारखानेही बंद पडले. पाने-तंबाखू घरी आणून हजारी मजुरीवर विड्या वळणाऱ्या बाईचा पैसा थांबला आणि तिची पोटगीची, घटस्फोटाची तारीखही पुढे गेली. भांडण मात्र एकाच खोलीत कोंडले गेले.

६ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा मार्ग मोकळा केला आणि ज्यांच्याकडे साधन नाही त्यांना ते पुरवावे, असेही बजावले. पहिले वाक्य सर्वांच्या लक्षात राहिले. दुसऱ्याचे काय झाले?

याच न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये बहुमताने सांगितले होते की, कौटुंबिक वादात समेटाची बोलणी पडद्यावर नकोत. न्या. चंद्रचूड यांचे मत वेगळे होते. आम्हीही दूरस्थ मध्यस्थीच्या विरोधात नाही. अक्कलकोट-मंगळवेढ्याहून येणाऱ्या बाईची मजुरी वाचते, मारहाण करणाऱ्याच्या शेजारी व्हरांड्यात ताटकळावे लागत नाही, हे थोडे आहे काय?

पण फोन भावाचा, खोली दहा बाय दहाची. मध्यस्थ विचारतो, "ताई, तुमची मर्जी आहे ना?" पडद्याबाहेर सासू बसली आहे की नवरा, हे त्याला दिसत नाही. परस्पर संमतीच्या घटस्फोटात संमती जबरदस्तीने, फसवून वा दडपणाखाली घेतलेली नाही, याची खात्री न्यायालयाने करावी, असे हिंदू विवाह कायद्याचे कलम २३ सांगते. हा कायदा बौद्ध भगिनींनाही लागू आहे. हिंदू कोड बिल रखडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्या बिलात घटस्फोटाचा हक्क होता. तो हक्क आता चोरट्या होकारावर संपवायचा काय?

२०२३ च्या मध्यस्थता कायद्यात ऑनलाइन मध्यस्थतेसाठी दोन्ही पक्षांची लेखी संमती लागते. लेखी म्हणजे कोणत्या भाषेत? आमच्या विडी वस्त्यांत तेलुगू बोलतात, कन्नड बोलतात. अंगठ्याखाली काय लिहिले आहे, ते तिला वाचून कोण दाखवणार?

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे. म्हणून प्रत्येक तालुका विधी सेवा समितीने दार बंद होणारी एक खोली, एक संगणक आणि तिची भाषा जाणणारी एक बाई द्यावी. मध्यस्थाने आधी तिच्याशी एकटीशी बोलावे. न्यायालये आज उघडी आहेत. खोलीची सोय आताच करता येईल.