शाळकरी मुलांचे मनःस्वास्थ्य : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुलाच्या मनाची काळजी घ्यायला हवी असे शिक्षकाने सुचविले, की पालघर-बोईसरच्या पट्ट्यातील पालकाच्या मुखातून आजही एखादे वेळी भीतीने प्रश्न येतो, "म्हणजे याला ठाण्याला न्यायचे का?" १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यातच मोडत होता, आणि ठाण्याचे मनोरुग्णालय तर १९०१ सालापासूनचे, त्यामुळे कित्येक पिढ्यांच्या मनात मनाचा आजार, कुलूपबंद दालन आणि कुळाला लागणारा बट्टा या तीन गोष्टी अशा काही एकत्र गुंतून गेल्या आहेत की, त्यांची उकल केल्यावाचून शाळेतल्या मुलांच्या मनःस्वास्थ्याविषयी दोन शब्द शांतपणे बोलणेही कठीण होऊन बसते.

वस्तुस्थिती अशी आहे की, ज्यासाठी रुग्णालयात मुक्काम करावा लागतो असे आजार शाळकरी वयात फार थोड्यांना होतात. या वयात सामान्यतः आढळतात ते अतिचिंता, दीर्घकाळ टिकणारी उदासीनता, वर्तनातील बिघाड, चित्त एकाग्र न होणे अशा स्वरूपाचे विकार, आणि त्यांपैकी बहुतेकांवर घरी राहून, शाळा चालू ठेवून, संभाषणाच्या उपचाराने आणि प्रसंगी तज्ज्ञाने दिलेल्या औषधाने इलाज होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातील १० ते १९ वर्षे वयाच्या दर सात मुलांपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो, आणि प्रौढपणी दिसणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्म्यांचा आरंभ चौदाव्या वर्षाच्या आतच झालेला असतो. प्रतिबंधाची खरी जागा इस्पितळाची पायरी नसून आठवी-नववीचा वर्ग आहे, असे जे मी आग्रहाने म्हणतो ते याच आधारावर.

दुसरा समज असा की, ही व्यथा मुंबईच्या सुखवस्तू घरांतली. शेतावर, जंगलात, समुद्रावर वाढणारी आमची मुले काटक असतात, त्यांना असले काही होत नाही. २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा समावेश नव्हता, पण आपल्या सीमेला लागून असलेला गुजरात होता. त्या सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांत मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. महानगरांत ते १३.५ टक्के म्हणजे जवळजवळ दुप्पट होते हे खरे, परंतु ग्रामीण भागातही ते ६.९ टक्के होते. पन्नास मुलांच्या ग्रामीण वर्गात सरासरीने तीन-चार मुले, असा त्याचा सरळ अर्थ होतो. ती तीन-चार मुले शिक्षकाच्या नजरेस पडत नाहीत, कारण ती बहुधा मागच्या बाकावर गप्प बसलेली असतात, किंवा त्या दिवशी शाळेत आलेलीच नसतात.

आणि या जिल्ह्यातील मुलांच्या वाट्याला येणारे ताण काय कमी आहेत? दिवाळी सरली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवरून कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात. मूल बरोबर गेले तर त्याची शाळा तुटते, आणि मागे राहिले तर आईबाप तुटतात. आदिवासी विकास खात्याच्या आश्रमशाळांनी हजारो मुलांना अक्षरओळख, अन्न आणि आसरा दिला, हे उपकार कोणी नाकारू नयेत; पण सहा-सात वर्षांचे लेकरू वर्षातील बहुतेक काळ आईपासून दूर राहते, आणि घरात वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या त्या जिवाला पहिल्याच दिवसापासून प्रमाण मराठीच्या पाठ्यपुस्तकाला सामोरे जावे लागते, या गोष्टीचाही मुलाहिजा आपण राखला पाहिजे. असे मूल बोलत नाही, म्हणून त्याला मंद ठरवले जाते. वसतिगृहातून उठून जंगलवाटेने घराकडे चालू लागते, तेव्हा त्याची नोंद पळपुटा अशी होते. तिकडे बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीभोवतीच्या चाळींत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाहून आलेल्या कामगारांची मुले आहेत. बाप रातपाळीहून येऊन दिवसा झोपतो, म्हणून दहा बाय दहाच्या खोलीत त्यांनी आवाज करायचा नसतो. घरी एक भाषा, वर्गात दुसरी आणि गल्लीत तिसरी. यातली एकही गोष्ट रोग नव्हे. मात्र या साऱ्यांचे ओझे वर्षानुवर्षे एकट्याने वाहावे लागले, तर काटक म्हणवणारे मूलही वाकते.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या भागात, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या लहान-मध्यम धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, तिने आणखी दोन गैरसमज उघडे केले. लोक थंडीत घराबाहेर तंबूंत निजत होते, आणि वर्ग उघड्यावर भरविण्याची वेळ आली होती. त्या काळात एक मत असे ऐकू येई की मुले लहान आहेत, आपोआप विसरतील; आणि दुसरे याच्या अगदी उलट, की प्रत्येक मुलाला बोलते करून त्या रात्रीचे सारे वर्णन त्याच्याकडून वदवून घेतले पाहिजे, म्हणजे मन मोकळे होते. दोन्ही मते अपुरी आहेत. आपत्तीनंतर बहुसंख्य मुले काही आठवड्यांत सावरतात, हे निरीक्षण जगभरचे आहे. पण ती सावरतात ती घरातले मोठे माणूस शांत राहते म्हणून, जेवणाच्या, खेळाच्या, शाळेच्या वेळा शक्य तितक्या लवकर पूर्ववत होतात म्हणून, आणि काय घडते आहे ते त्यांना त्यांच्या वयाला झेपेल अशा शब्दांत खरे खरे सांगितले जाते म्हणून. भीतीचा प्रसंग पुन्हा पुन्हा वदवून घेण्याच्या पद्धतीचा लाभ सिद्ध झालेला नसून, उलट जागतिक आरोग्य संघटना ती वापरू नये असेच सांगते. मूल स्वतः बोलू लागले तर ऐकावे, न बोलले तर जवळ बसावे, एवढे पुरे. ज्या थोड्या मुलांची झोप महिनाभर उडालेली राहते, जी दार वाजले तरी दचकतात किंवा पुन्हा अंथरूण ओले करू लागतात, त्यांना मात्र तज्ज्ञाकडे नेण्यात कसूर होऊ नये. तेथे जमिनीचा थरकाप एका रात्रीत संपला नाही, वर्षानुवर्षे तो अधूनमधून येत राहिला. म्हणून तेथील शाळांना ही जाण एका शिबिरापुरती पुरणारी नव्हती.

यापुढचा समज फार जुना आहे, आणि माझ्या मते सर्वांत अधिक नुकसान त्यानेच केले. उदास मूल उदास दिसलेच पाहिजे, असे आपण धरून चालतो. किशोरवयातील उदासीनता पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने प्रकट होते. चिंता पोटदुखीच्या, डोकेदुखीच्या, सकाळी होणाऱ्या मळमळीच्या रूपाने येते. आणि खचलेल्या मुलाची हजेरी व गुण हे दोन्ही हळूहळू घसरू लागतात. पालकाला त्यात हट्ट दिसतो, शिक्षकाला आळस दिसतो, आजीला बाहेरचे काही लागल्याची शंका येते. मग छडी येते, किंवा भगत येतो. पाड्यावर भगत हा कुटुंबाचा पिढीजात आधार असतो, त्याच्याकडे जाणाऱ्या आईची निंदा करणे मला उचित वाटत नाही. ती मदत शोधत असते, आणि जवळ असलेली मदत तिला ठाऊक असते. परंतु त्या आईला इतके स्पष्ट सांगितलेच पाहिजे की भगताकडे जाण्याने डॉक्टरकडे जाण्यास विलंब होऊ नये, आणि भूत उतरविण्याच्या नावाखाली मुलाला मारणे, बांधणे, चटके देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. छडीविषयीही कायदा तितकाच निःसंदिग्ध आहे : २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे, आणि चारचौघांत गुणपत्रिका वाचून मुलाची नाचक्की करणे हे दुसऱ्या सदरात सहज मोडते.

आता ज्या विषयाचे नाव काढायलाही लोक कचरतात त्याविषयी. मुलाने जीव देण्याची भाषा केली, तर ती ऐकून न ऐकल्यासारखी करावी, विचारले तर नको तो विचार त्याच्या डोक्यात भरेल, असे भले-भले समजतात. युरोपातील दहा देशांच्या १६८ शाळांत अकरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या, आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्या शाळांतील मुलांना मनाचे ताण, उदासीनता आणि आत्महत्या यांविषयी मोकळेपणाने चर्चा करण्याची संधी देण्यात आली, तेथे वर्षभरात आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण तुलनेच्या शाळांपेक्षा जवळजवळ निम्म्याने कमी आढळले. आस्थेने आणि सरळ शब्दांत विचारल्याने विचार रुजत नाही. आपले दुःख कोणाला तरी दिसले, या जाणिवेने मूल थोडे सैल होते. तसेच, परीक्षेतील अपयश हेच एकमेव कारण, ही समजूतही टाकून द्यावी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या दप्तरात २०२२ साली १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली. अठरा वर्षांखालील मुलांच्या नोंदलेल्या कारणांत कौटुंबिक समस्या अग्रस्थानी आहेत, आणि प्रत्यक्षात असा प्रसंग बहुधा अनेक कारणांच्या संगमातून ओढवतो. पोलिसांच्या भीतीने प्रयत्नाची गोष्ट दडविणाऱ्या कुटुंबांनी हेही जाणून घ्यावे की, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमान्वये असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते, आणि तिला शिक्षा न करता उपचार व पुनर्वसन पुरविणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

उरला तो शिक्षकाविषयीचा गैरसमज, आणि तो दुहेरी आहे. एक पक्ष म्हणतो, हे डॉक्टरचे काम, शाळेचा याच्याशी संबंध नाही; दुसरा पक्ष एक परिपत्रक काढतो, आणि जनगणना, निवडणूक, पोषण आहार यांच्या जोडीला हेही काम शिक्षकाच्या गळ्यात टाकून निश्चिंत होतो. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांत झालेल्या, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शालेय मनःस्वास्थ्य कार्यक्रमाच्या प्रयोगाने या दोहोंना उत्तर दिले आहे. त्याच कार्यक्रमाची धुरा जेथे शिक्षकांवर टाकली होती तेथे फारसा फरक पडला नाही. जेथे अल्प प्रशिक्षण दिलेला, पण केवळ याच कामासाठी नेमलेला समुपदेशक शाळेत होता, तेथे शाळेचे वातावरण सुधारले, दांडगाई कमी झाली आणि मुलांतील उदासीनतेची लक्षणेही उतरली. मनोविकारतज्ज्ञच हवा असे नव्हे. पण वेळ असलेला, ऐकणारा माणूस हवा. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी करावी, आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, अशी तरतूद आहे. आपल्या गावच्या शाळेत या निर्देशांचा अंमल झाला आहे का, हा प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारण्याचा अधिकार प्रत्येक पालकाला आहे.

शाळेची घडीच मुलाच्या मनाला अनुकूल करता येते, हे सांगण्यासाठी खरे तर बिहारला किंवा युरोपला जाण्याची गरज नव्हती. डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला १९४५ साली बालशिक्षणाच्या कामाला आरंभ करून १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, गुरे राखण्यामुळे जी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नव्हती त्यांच्यापाठोपाठ कुरणात शाळा नेली. गैरहजर मुलाला दोष देण्याऐवजी ते का येत नाही याचा शोध घेणे, शिक्षेवाचून शिकविणे, मुलाच्या भोवतालच्या वस्तूंतून व गाण्यांतून त्याला स्वतःची ओळख टिकवू देणे, हे त्यांनी मनःस्वास्थ्याचे नाव न घेता केले. आज आश्रमशाळेत नव्या मुलाला पहिले काही आठवडे त्याची बोली जाणणारे मोठे भावंड सोबतीस देणे, घरी ठरलेल्या दिवशी दूरध्वनी करू देणे, स्थलांतरातून मार्चमध्ये परतलेल्या मुलाचा अभ्यास बुडाला म्हणून त्याला मागे न ढकलता त्याच्यासाठी वेगळा वर्ग घेणे, या गोष्टींना कोसबाडप्रमाणे खर्चापेक्षा इच्छा अधिक लागते.

पालकांना आणि शिक्षकांना माझी विनंती इतकीच आहे : एखाद्या मुलाच्या झोपेत, जेवणात, मैत्रीत किंवा अभ्यासात पडलेला फरक दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर वाट पाहू नका. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते. मूल संकटात असेल, तर १०९८ हा बालसाहाय्याचा क्रमांक आहे. मूल जीव देण्याविषयी बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी रुग्णालयात घेऊन जा. हे दोन्ही क्रमांक आपल्या शाळेच्या प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर, मुलांना वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत, या आठवड्यातच लिहून घ्या.